बीएडच्या इंटर्नशिपमध्ये आठवी-नववीच्या वर्गाशी नातं जुळवताना: तयारी, क्रम आणि दरवर्षी होणाऱ्या त्याच चुका

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर दरवर्षी तीन-चार छात्राध्यापक, म्हणजे बीएड करणारे शिकाऊ शिक्षक, येऊन बसतात. पहिल्याच दिवशी त्यातलं कुणीतरी वर्गाला सांगतं, "मला सर समजू नका, मोठा भाऊ समजा." तिसऱ्या आठवड्यात तेच सर टेबलावर डस्टर आपटत असतात आणि वर्ग खुसुखुसु हसत असतो.

मुलं वाईट नसतात, सरही वाईट नसतात. क्रम चुकलेला असतो. आधी सलगी केली आणि मग शिस्त लावायला गेलं, की मुलांना ती फसवणूक वाटते. आधी ओळख करून घ्यायची, मग तास नीट घ्यायचा. मोकळेपणा त्याच्या मागून येतो, तो मागावा लागत नाही.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांपासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या कामाला किमान २० आठवडे मिळाले. तुमच्या हाती सलग १६ आठवडे असोत की चारच, खालचा क्रम बदलू नका. आठवडे कमी असतील तर टप्पे आखूड करा.

टप्पा १: शाळेत जाण्याआधी

कॉलेजमधून शाळेचं पत्र मिळालं की बहुतेकजण पाठ टाचणाच्या (तासाच्या लेखी आराखड्याच्या) वह्यांना कव्हर घालायला बसतात. ते नंतर करा. आधी ही कामं उरका.

१. कोणती इयत्ता आणि कोणती तुकडी मिळणार, ते विचारून घ्या. दहावी सहसा छात्राध्यापकांच्या हाती देत नाहीत, बोर्डाची परीक्षा असते. आठवी-नववी मिळेल असं धरून चाला.

२. त्या इयत्तेचं आणि त्याच्या आधीच्या इयत्तेचं, अशी बालभारतीची दोन पुस्तकं जवळ ठेवा. नववीच्या मुलाला बीजगणित येत नसेल तर अडचण बहुतेक वेळा आठवीच्या पुस्तकात सापडते, कधी सहावीच्या.

३. विषयशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर भागवू नका. त्यांना चार गोष्टी विचारा: धडा कुठपर्यंत आलाय, घटक चाचणी कधी आहे, वर्गात वाचता न येणारी मुलं किती आहेत, आणि माझ्या पाठासाठी पुढचा कोणता घटक सोडाल?

या चौथ्या प्रश्नावर बरंच अवलंबून आहे. दरवर्षी कुणीतरी कॉलेजात सूक्ष्म अध्यापनाला (सहाध्यायांसमोरच्या छोट्या सराव पाठाला) वापरलेलाच घटक घेऊन येतं, कारण तक्ते तयार असतात. वर्गात हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगून, झालं रे झालं की मागून आवाज येतो, "सर, हे झालंय." त्या एका वाक्यानंतर उरलेली तीस मिनिटं कशी जातात ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय.

४. खिशात मावेल अशी एक छोटी वही घ्या. पाठ टाचणाची वही प्राध्यापकांसाठी असते, ही तुमच्यासाठी.

> तपासा: शाळेची वेळ, शनिवारची सकाळची शाळा, परिपाठाला कुठे उभं राहायचं आणि मोबाइल वर्गात नेलेला चालतो का, हे सगळं पहिल्या दिवसाच्या आत माहीत हवं. परिपाठाला उशिरा पोचलेला छात्राध्यापक सगळी शाळा एकदम बघते.

टप्पा २: पहिला आठवडा मागच्या बाकावर

कॉलेजला या आठवड्यात निरीक्षण तक्ते भरून हवे असतात आणि छात्राध्यापक शिक्षकाचं निरीक्षण लिहून मोकळे होतात: फलकलेखन सुवाच्य, आवाज खणखणीत. ते भराच. पण तुमच्या कामाचं निरीक्षण मुलांचं आहे.

पहिल्याच दिवशी वर्गाचा बैठक आराखडा काढा. पानभर चौकोन, प्रत्येक बाकाला एक. मुलं कुठे बसतात ते आधी, नावं नंतर. मग रोज एकच गोष्ट बघायची:

सोमवारी, पहिल्या तासाला उशिरा कोण येतं. आमच्याकडे हे उत्तर बरेचदा एसटीच्या वेळापत्रकात असतं. शेजारच्या खेड्यावरून येणारी सहा मुलं एकदमच उशिरा आली, तर तो आळस नव्हे.

मंगळवारी, तोंड न उघडणारी मुलं कोणती.

बुधवारी, वही नसलेली, पेन मागून घेणारी.

गुरुवारी, मधल्या सुट्टीत एकटं कोण असतं.

शुक्रवारी, वर्ग कुणाकडे बघून हसतो. प्रत्येक वर्गात असं एक पोरगं असतं. शिक्षकाचं वाक्य संपलं की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात, आता हा काय बोलतोय म्हणून. मॉनिटर कोण आहे यापेक्षा हे पोरगं कोण आहे हे कळणं जास्त उपयोगाचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, अर्धा बाक रिकामा दिसेल. गैरहजर मुलांवर वर्गात शेरे मारू नका. ती परत येतात तेव्हा मागचे चार धडे त्यांच्यासाठी कोरे असतात, हे मात्र वहीत टिपून ठेवा. पुढे पाठ आखताना हीच नोंद लागते.

> सावधान: "हा उनाड", "ही ढ" असलं काही त्या वहीत लिहू नका. वही बाकावर विसरते आणि मुलं ती वाचतात. स्टाफरूममध्ये कानावर पडलेली विशेषणंही तिथेच सोडून या.

टप्पा ३: नावं

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त जण कमी पडतात. दोन महिने शिकवून झाल्यावरही "ए, तू निळ्या स्वेटरवाला" चालू असतं. आठवीतल्या मुलाला हे लगेच कळतं. त्याचा हिशेब साधा असतो: यांना माझं नाव माहीत नाही, म्हणजे मी काही केलं तरी तक्रार करताना यांना माझं नाव सांगता येणार नाही.

साठ मुलांची नावं पाठ करायची माझी पद्धत अशी:

१. वर्गशिक्षकांकडे हजेरी घेण्याची परवानगी मागा. निरीक्षणाच्या आठवड्यातच मागा, ते आनंदाने देतील. नाव उच्चारल्यावर "हजर" येईपर्यंत मान वर ठेवून चेहरा बघायचा. बहुतेकजण हजेरीपत्रकात डोकं घालून साठ नावं वाचतात आणि एकही चेहरा बघत नाहीत.

२. बैठक आराखड्यात रोज दोन रांगांची नावं भरा. पाच-सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो.

३. वह्या वाटायचं काम मॉनिटरला देऊ नका, स्वतः वाटा. वहीवरचं नाव वाचायचं, चेहरा शोधायचा, हातात द्यायची. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतात, चौथ्या दिवशी पाच.

४. नाव कसं उच्चारायचं ते मुलालाच विचारा. वर्गात तीन यश आणि चार वैष्णवी असतील, त्यांना एकमेकांपासून वेगळं काय म्हणायचं हेही त्यांच्याकडूनच घ्या.

५. वर्गातली टोपणनावं वापरू नका. "बटाट्या" सगळे म्हणतात आणि तोही हसतो, म्हणून तुम्हीही म्हणायचं असं होत नाही.

> सावधान: आडनावाची चौकशी करू नका. "कुणाचा तू? कुठले पाटील?" हा प्रश्न आपल्याकडे साधा नसतो, आणि तो कशासाठी विचारला जातो हे तेरा वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना कार्यालयातून सांगितलं जाईल, "अमुक प्रवर्गाच्या मुलांना उभं करा." उभं करू नका. यादी घ्या आणि एकेका मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला बोलावून सांगा. दहा मिनिटं जास्त जातील.

> तपासा: आठवडा संपताना कोरा आराखडा घ्या आणि न बघता नावं भरा. पंचेचाळीसच्या वर भरता आली तर पुढे चला. जी पंधरा राहिली ती बहुतेक मधल्या रांगेतली गप्प मुलं असतील. सोमवारी सुरुवात तिथून.

टप्पा ४: पहिला तास, पहिली पाच मिनिटं

तास ३५ मिनिटांचा असतो. त्यातली पहिली पाच ओळख करून देण्यात घालवू नका. तुमचं शिक्षण, छंद, "तुम्हाला मोठेपणी काय व्हायचंय" हे सगळं आत्ता नको. वर्ग वेगळंच काहीतरी जोखत असतो: यांना शिकवता येतं का, आणि हे आपल्याला घाबरतात का.

क्रम असा ठेवा.

बेल व्हायच्या आधी वर्गाच्या दारात उभं राहा. आधीचे शिक्षक बाहेर पडले की लगेच आत जा. दोन तासांच्या मधली ती दीड-दोन मिनिटं वर्ग मोकळा सुटला, तर तो गोळा करण्यात तुमची दहा मिनिटं जातात.

फळा स्वतः पुसा. तारीख, विषय आणि एक सोपं काम लिहा, दोन मिनिटांत वहीत करता येईल असं. मुलं ते करत असताना एक फेरी मारा, अगदी शेवटच्या बाकापर्यंत.

मग एका वाक्यात नाव सांगा आणि तीन नियम सांगा. तीनच. माझे असे असतात: एकजण बोलत असताना बाकीचे ऐकतात, चुकलेल्या उत्तराला कुणी हसत नाही, कळलं नाही तर हात वर करून थांबवायचं. दुसरा नियम पहिल्याच दिवशी मोडला जाणार. तो मोडला जाईल तेव्हा शिकवणं तिथेच थांबवा, शांतपणे नियम पुन्हा सांगा आणि चुकलेल्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. वर्ग त्या दिवशी तुमच्याबद्दल जे मत बनवतो ते या अर्ध्या मिनिटात बनवतो.

"मला मित्र समजा" हे वाक्य गिळून टाका. मुलांना मित्र भरपूर असतात.

टप्पा ५: पाठ टाचण कागदावर, तास वर्गात

प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. हे सगळं टाचणात लिहावंच लागतं, लिहा. पण टाचणात "अपेक्षित उत्तर" नावाचा एक रकाना असतो आणि छात्राध्यापक वर्गात त्याच उत्तराच्या शोधात फिरतात. मुलाने वेगळं काही सांगितलं की "अजून कोण सांगेल?" आणि ते मूल खाली बसतं. दोन-तीनदा असं झालं की ते मूल हात वर करणं बंद करतं. ज्याला आपण "वर्ग प्रतिसाद देत नाही" म्हणतो, तो असा तयार होतो.

आठवीच्या विज्ञानातल्या दाबाचं उदाहरण घेऊ. टाचणात प्रश्न असतो, "दाब म्हणजे काय?" आणि अपेक्षित उत्तर, "एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने प्रयुक्त असलेलं बल." हा प्रश्न पुढच्या बाकावरच्या दोन मुलींसाठी आहे. बाकीच्या अठ्ठावन्न जणांसाठी दुसरं विचारा: "डोक्यावर हंडा घेताना आजी खाली चुंबळ का ठेवते?" आता मागच्या बाकावरचा बोलतो, "टोचत नाही म्हणून." का टोचत नाही? हंड्याचं वजन कमी झालं का? नाही. मग काय बदललं? "टेकायची जागा वाढली." बस, क्षेत्रफळ आलं. व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहा, आणि खाली दप्तराचा रुंद पट्टा आणि बारीक दोरी यांचं चित्र काढा. ते चित्र काढायला मागच्या बाकावरच्यालाच बोलवा.

प्रश्न विचारण्याचेही टप्पे असतात.

१. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग विचार करणं सोडून देतो.

२. थांबा म्हणजे खरंच थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद फळ्यापाशी उभं राहून फार लांब वाटतात. मनात पाच आकडे मोजा.

३. "समजलं का?" विचारू नका. साठ जणांचा एका सुरात "होऽऽऽ" येतो आणि त्यात नापास होणारे वीस जण सगळ्यात मोठ्याने ओरडतात. त्याऐवजी एक छोटं गणित द्या आणि फिरा.

४. चुकीच्या उत्तरात बरोबर असलेला तुकडा शोधून आधी तो सांगा. दर वेळी सापडतो असं नाही. नाही सापडला तर "हे उत्तर कशावरून काढलंस?" विचारा.

भाषेचं एक. आमच्याकडे मुलं घरी अहिराणी बोलतात. "माले समजनं नही" असं एखादा मुलगा वर्गात म्हणाला की शहरातून आलेले छात्राध्यापक आधी हसतात आणि मग "शुद्ध बोल" म्हणतात. तो मुलगा शुद्ध बोलायला लागत नाही, बोलायचाच थांबतो. त्याने अहिराणीत सांगितलं तर ऐकून घ्या, उत्तर तुमच्या मराठीत द्या. उत्तरपत्रिकेत काय लिहायचं ते वहीत दाखवून द्या. तुम्ही जिथे जाल तिथे अहिराणीच्या जागी वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, गोंडी असेल. दहा-वीस शब्द शिकून घ्या, पण वर्गात त्यांची नक्कल करून दाखवू नका. त्यांना ते चिडवणं वाटतं.

> तपासा: तास संपल्यावर छोट्या वहीत लिहा, आज किती वेगवेगळी मुलं बोलली? पाचच्या आत असतील तर तास पुढच्या दोन बाकांचा झाला.

वह्या तपासताना नुसती लाल बरोबरची खूण आणि सही नको. दर वेळी दहाच वह्यांत एकेक ओळ लिहा, "पायरी तीनमध्ये चिन्ह बदललं, पुन्हा कर" अशी. सहा फेऱ्यांत वर्ग पुरा होतो. "छान", "सुधारणा हवी" हे शेरे मुलं वाचतसुद्धा नाहीत.

टप्पा ६: वर्ग हाताबाहेर गेला तर

जाणारच. एकदा तरी जातो.

तेव्हा करायच्या गोष्टी याच क्रमाने करा. पहिल्या पायरीने भागलं तर दुसरीवर जाऊ नका.

१. बोलणं मध्येच थांबवा आणि उभे राहा. आवाज चढवू नका. साठ जणांपेक्षा मोठा आवाज तुमच्याकडे नाही.

२. गडबडीच्या जागेकडे चालत जा आणि तिथेच उभं राहून शिकवणं चालू ठेवा.

३. नाव घ्या, फक्त नाव, आणि पुढचं वाक्य शिकवण्याचं. (नावं पाठ नसतील तर ही पायरी तुमच्याकडे नाही.)

४. काम बदला. तोंडी चाललं असेल तर लेखी द्या.

५. तरीही नाही, तर "तास संपल्यावर मला भेट" एवढंच. आणि तास संपल्यावर खरंच भेटा. एकट्याशी, दोन मिनिटं, व्हरांड्यात. सगळ्यांसमोर झापलं की नववीतला मुलगा तुमच्याशी बोलत नसतो, वर्गासमोर स्वतःची लाज राखत असतो.

मुख्याध्यापकांकडे पाठवणं सगळ्यात शेवटी. पहिल्या आठवड्यातच पाठवलंत, तर तुमच्या हाती काही नाही हे तुम्हीच जाहीर केलं.

हात उचलायचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर अपमान करणं हेही त्यातच येतं. शाळेतले जुने शिक्षक म्हणतील, "दोन ठेवून द्या, सरळ होतात." तुम्ही ठेवू नका. नववीतला मुलगा चौदा ओलांडून गेला म्हणूनही मुभा मिळत नाही.

माझी एक चूक सांगते. बीएडच्या वर्षी, डिसेंबरमध्ये, एक मुलगा माझ्या तासाला रोज झोपायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला उठवून वर्गाबाहेर उभं केलं, वर दोन वाक्यं सुनावली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी शाळेच्या शिपाईमामांनी सांगितलं, "मॅडम, त्यांच्याकडे या आठवड्यात लाइट रात्रीची आहे." शेताला वीज रात्री मिळते आणि हा मुलगा वडिलांबरोबर गव्हाला पाणी भरायला जायचा. मी दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, पण व्हरांड्यात. ऐकवलं सगळ्यांसमोर होतं, माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. तो माझ्या तासाला नंतर कधी झोपला नाही. कधी बोललाही नाही. म्हणून आता छात्राध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगते: शिपाईमामा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, या दोघांशी ओळख करून घ्या. कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना वर्गशिक्षकांच्या आधी कळतं.

टप्पा ७: वर्गाबाहेर

आता मोकळेपणाची वेळ. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आधी नाही.

ऑफ तास, म्हणजे शिक्षक नसल्याने रिकामा राहिलेला तास, मागून घ्या. बाकीचे छात्राध्यापक ऑफ तासाला तोंड वाकडं करतात, कारण तो पाठांच्या संख्येत मोजला जात नाही. पण त्या तासाला निरीक्षक नसतात, टाचण नसतं, आणि मुलं जे विचारतात ते खरं असतं. आयटीआय कसं असतं? बारावीनंतर नर्सिंगला किती खर्च येतो? पोलीस भरतीला उंची किती लागते? माहीत असेल तेवढं सांगा. नसेल तर "उद्या विचारून सांगते" म्हणा आणि वहीत लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सांगितलंत की तुमचं वजन वाढतं. विसरलात तर मुलं आठवण करून देणार नाहीत, फक्त पुन्हा विचारणार नाहीत.

मैदानावर खो-खो, कबड्डी खेळता येत असेल तर खेळा. येत नसेल तर गुण लिहायला बसा. गॅदरिंगच्या तयारीत तुमची मदत मागितली जाईलच. नाचात न घेतलेल्या मुलांना पडदे, ध्वनी, यादी यांची कामं द्या.

मर्यादा मात्र पहिल्यापासून पक्क्या हव्यात:

- मुलांना वैयक्तिक नंबर देऊ नका. गृहपाठासाठी गट हवाच असेल तर तो वर्गशिक्षकांच्या नंबरवरून आणि पालकांच्या फोनवर.
- इन्स्टाग्रामची विनंती आली तर स्वीकारू नका. "इंटर्नशिप चालू आहे तोवर कुणाचीच घेत नाही" असं सगळ्या वर्गाला एकदाच सांगा, म्हणजे एकाला डावललं असं होत नाही. आणि आधी स्वतःचं खातं खासगी करा, मुलांनी ते पहिल्याच दिवशी शोधलेलं असतं.
- मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवू नका. अहवालासाठी हवे असतील तर मुख्याध्यापकांना विचारून काढा.
- एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत बोलू नका. व्हरांडा, मैदानाची कड, दार उघडं असलेला वर्ग.
- छात्राध्यापकाचं वय बावीस-तेवीस, नववीतल्यांचं चौदा-पंधरा. वर्गात कुणीतरी चिठ्ठी लिहिणार, कुणीतरी चिडवणार. चिठ्ठी मिळाली तर हसण्यावारी नेऊ नका, मैत्रिणींना दाखवू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांना द्या आणि मुलाचं नाव स्टाफरूममध्ये फिरणार नाही एवढं बघा.

> सावधान: मूल तुमच्याजवळ काही गंभीर सांगू शकतं. घरातली मारहाण, ठरत असलेलं लग्न, कुणाचा वाईट स्पर्श. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि तारखेसह लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा २०१२ नुसार ती पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे, छात्राध्यापकालाही. शाळेत टाळाटाळ होताना दिसली तर तुम्ही स्वतः कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. तो नंबर फळ्याच्या कोपऱ्यात एकदा लिहून दाखवायला काहीच हरकत नाही.

टप्पा ८: प्राध्यापक पाठ बघायला येतात तो दिवस

आदल्या दिवशी वर्गात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. "उद्या मॅडम येणार आहेत. मी हा प्रश्न विचारला की तू हात वर कर, आणि हे उत्तर दे." कधी कधी पाठच आदल्या दिवशी एकदा घेऊन टाकतात. मुलं सांभाळून घेतात, गुणही बरे मिळतात. आणि त्या दिवसापासून मुलांच्या हातात तुमचं एक गुपित असतं. मी त्यांना नंतर आपसांत बोलताना ऐकलंय, "सरांना आपण पास केलं."

करायचं ते एवढंच: "उद्या आपल्या वर्गात पाहुणे येतील, ते माझं शिकवणं बघणार आहेत, तुमचं नाही. रोजच्यासारखं बसा. कळलं नाही तर रोजच्यासारखं थांबवा." कुणी खरोखरच थांबवलं तर घाबरू नका. निरीक्षकाला घोकलेला पाठ दुसऱ्या मिनिटाला ओळखता येतो. वर्गातून अनपेक्षित प्रश्न आल्यावर तुम्ही काय करता तेच आम्ही बघत असतो.

टप्पा ९: निरोप

शेवटचा दिवस कोणता, हे दोन आठवडे आधी सांगा. मुलं सोळा आठवड्यांत सवय लावून घेतात, आणि एके दिवशी मागचा बाक रिकामा दिसला तर कुठे गेले ते विचारत राहतात.

चॉकलेटं, पेनं वाटणं मी थांबवू शकलेले नाही. वाटायचंच असेल तर सगळ्यांना सारखं आणि शेवटच्या दिवशीच, मध्येच बक्षीस म्हणून नको. मुलांकडून वस्तू घेऊ नका. वर्गणी काढून फ्रेम आणण्याचा बेत शिजत असेल तर तो आधीच मोडा, कारण दहा रुपये न देऊ शकणारी चार मुलं त्या दिवशी शाळेत येत नाहीत. कागदावर लिहिलेलं काही दिलं तर जरूर घ्या.

"मी भेटायला येत राहीन" म्हणू नका. आलात तर चांगलंच आहे.

शाळा सोडण्याआधी विषयशिक्षकांबरोबर अर्धा तास बसा आणि हे हवाली करा: बैठक आराखडा, कुणाला कुठली पायरी अडते त्याची यादी, वेचणीच्या दिवसांत कुणाचे कोणते धडे बुडाले ते. तपासायला घेतलेल्या सगळ्या वह्या परत केल्यात का, मोजून बघा. गेल्या वर्षी सतरा वह्या एका छात्राध्यापकाच्या खोलीवर राहिल्या होत्या, आणि चाचणी चार दिवसांवर होती.